नार्सिससचा डोह तैलरंगात: नवअभिजात धाटणीचं पौराणिक निसर्गचित्र, टप्प्याटप्प्याने

पौराणिक विषयावरची बहुतेक हौशी निसर्गचित्रं एकाच कारणाने फसतात. आधी छान देखावा रंगवला जातो, मग शेवटी कोपऱ्यात कुठेतरी देव किंवा अप्सरा बसवली जाते. ती आकृती उपरी दिसते, मग तिला मोठं केलं जातं, मग झाडं लहान वाटू लागतात, आणि महिनाभराची मेहनत वाया जाते. नवअभिजात, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन आदर्शांवर बेतलेल्या, धाटणीत क्रम बरोबर उलटा असतो. वेळ, प्रकाश, पाणी, झाडं, अगदी कुठल्या झाडामागे आकाश दिसणार हेसुद्धा कथेवरून ठरतं. रंगाची ट्यूब उघडते ती सगळ्यात शेवटी.

नमुना म्हणून नार्सिससची कथा घेऊ. ग्रीक पुराणकथेतला हा देखणा तरुण डोहात स्वतःचंच प्रतिबिंब पाहून त्याच्या प्रेमात पडतो, तिथेच झुरून मरतो आणि त्याच्या जागी फूल उगवतं. तिची मांडणी सोपी आहे आणि तिच्यात या प्रकाराच्या जवळजवळ सगळ्या अडचणी एकत्र भेटतात. कॅनव्हास ९० × ६० सेंटिमीटर, आडवा. काम तैलरंगातलं. सुकण्याचा वेळ धरून दोन महिने हाताशी ठेवा. घाई असेल तर हा प्रकार निवडूच नका.

## टप्पा १: कथा वाचा आणि काय चालणार नाही याची यादी करा

रोमन कवी ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसेस’च्या तिसऱ्या सर्गात या डोहाचं वर्णन येतं. पाणी गाळ नसलेलं आणि रुपेरी. तिथे कधी मेंढपाळ आले नाहीत, डोंगरावर चरणाऱ्या शेळ्या आल्या नाहीत, इतर गुरं आली नाहीत. पक्ष्याने, श्वापदाने किंवा गळून पडलेल्या फांदीने ते पाणी कधी ढवळलं नाही. भोवती ओलाव्यावर पोसलेलं गवत, आणि उन्हाने जागा तापू न देणारी झाडी. नार्सिसस येतो तो शिकारीने आणि उकाड्याने दमून.

आता हेच चित्रकाराच्या नजरेने वाचा.

- वेळ दुपारची. सूर्यास्ताचा नारिंगी भडका इथे चूक आहे.
- डोहावर थेट ऊन नाही. नार्सिससवर वरून पडणारा सोनेरी कवडसा हा सगळ्यात लाडका मोह आहे, आणि तो कथेच्या विरोधात जातो.
- पाणी निश्चल. धबधबा, तरंग, बदकं, पाण्यात पडलेलं लाकूड यांतलं काहीही नको.
- काठावर शेळ्या-मेंढ्या नकोत. जुन्या निसर्गचित्रांत त्या पैशाला पासरी सापडतात, म्हणून हात आपोआप तिकडे वळतो. फारच हव्या असतील तर दूरच्या उन्हातल्या माळावर ठेवा.

नार्सिससवर प्रेम करणारी अप्सरा एको रंगवायची का? कथेत ती झिजत जाते, तिची हाडं दगड होतात आणि उरतो तो फक्त आवाज. सतराव्या शतकातले चित्रकार क्लोद लोरँ आणि निकोला पूसँ या दोघांच्याही चित्रांत ती माणसाच्या रूपात आहे, त्यामुळे तसं रंगवण्यात गैर काही नाही. मला मात्र तिला डावीकडच्या सावलीतल्या खडकात अर्धवट विरलेली दाखवणं जास्त योग्य वाटतं. पाहणाऱ्याला ती थोडी उशिरा सापडावी.

तपासा: निवडलेला क्षण एका वाक्यात सांगता येतो का? ‘दमलेला नार्सिसस पाणी प्यायला वाकला आणि थांबला.’ वाक्यात ‘आणि मग’ येऊ लागलं, तर तुम्ही एका चित्रात दोन प्रसंग कोंबताय.

## टप्पा २: निसर्गातला अभ्यास

पिएर-आंरी द व्हालांसिएन या फ्रेंच चित्रकाराने १८०० साली छापलेल्या यथार्थदर्शनावरच्या (पर्स्पेक्टिव्हवरच्या) ग्रंथात बाहेर बसून करायच्या अभ्यासाला वेळेची मर्यादा घातली आहे: जास्तीत जास्त दोन तास, आणि सूर्योदय-सूर्यास्त असेल तर अर्धा तास. त्यापुढे सावल्या सरकतात आणि एकाच चित्रात दोन वेळांचा प्रकाश मिसळतो. तो स्वतः कागदावर तैलरंगात असे छोटे अभ्यास करायचा. आपणही तेच करायचं: जाड कागदावर जेसोचा (पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक अस्तराचा) हात, वर पातळ तैलरंग, वहीच्या पानाएवढा आकार.

निदान हे अभ्यास जमवा: एक मोठं झाड सबंध, एक बुंधा जवळून, सावलीतला खडक, संथ पाणी आणि त्यातलं प्रतिबिंब, दुपारचं आकाश.

सह्याद्रीतले डोह पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, या अभ्यासाला उत्तम. पण तिथून घ्यायचा तो छायाभेद आणि प्रतिबिंबाचा स्वभाव. दगडाचा रंग आणि थर नाही. आपला काळा, आडव्या थरांचा बसाल्ट ग्रीक-रोमन भूमीत तसाच उचलून ठेवला की जाणकार लगेच ओळखतो. तिकडचा चुनखडीचा दगड फिकट, मळकट पिवळसर असतो. झाडांचंही तेच. उंच काळसर सायप्रस, छत्रीसारखा पसरलेला पाइन, सदाहरित ओक, ऑलिव्ह, लॉरेल यांचे आकार फोटोंवरून घोटून घ्या. आपल्या वडाच्या पारंब्या आणि गुलमोहराचा पसारा घरीच राहू दे.

## टप्पा ३: मांडणी आणि मोजमाप

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि नेमका तोच टाळला जातो.

आधी तळहाताएवढ्या कच्च्या मांडण्या करा, रेघांनी नाही, तीन सपाट टोनमध्ये: गडद, मध्यम, उजळ. पुढचा भाग गडद (झाडीची सावली आणि डोह), मधला उजळ (उन्हातला माळ), मागचा मध्यम आणि निळसर (डोंगर). एका बाजूला मोठ्या झाडांचा समूह, दुसऱ्या बाजूला त्याला तोलणारा पण बुटका समूह. दोन्हीकडे सारख्या उंचीची झाडं लावली की नाटकाचा पडदा उघडल्यासारखं दिसतं. नजर पुढून मागे नेणारी वाट किंवा ओढा नागमोडी असावा, कॅनव्हासच्या मध्यातून सरळ आत जाणारा नसावा.

आता पट्टी घ्या. सगळी मापं कॅनव्हासच्या खालच्या कडेपासून.

क्षितिजरेषा २४ सेंमीवर धरा, आणि पाहणारा डोहाच्या पातळीपेक्षा ३ मीटर उंचावरून बघतोय असं मानू. मग सपाट जमिनीवर कुठल्याही जागी, पायापासून क्षितिजापर्यंतचं अंतर म्हणजे ३ मीटर. एवढा एक नियम लक्षात ठेवला की आकृत्यांची मापं चुकतच नाहीत.

नार्सिसस काठावर ९ सेंमीच्या उंचीवर बसवायचा आहे. तिथून क्षितिज १५ सेंमी वर, म्हणजे तिथे १ मीटर म्हणजे ५ सेंमी. उभा माणूस तिथे साधारण साडेआठ सेंमी भरेल. गुडघ्यावर वाकलेला नार्सिसस ५ सेंमीच्या आसपास. होय, एवढाच. निसर्गचित्रात आकृती एवढी लहान असते, आणि तिला महत्त्व मिळतं ते मांडणीमुळे. मागच्या माळावर १८ सेंमीच्या पातळीवर कुणी उभा असेल तर तो ३.४ सेंमी होईल.

झाडाचं बघा. डोहामागे १२ सेंमीवर बुंधा असलेलं १० मीटर उंचीचं झाड: तिथे १ मीटर म्हणजे ४ सेंमी, म्हणून झाड ४० सेंमी उंच, शेंडा ५२ सेंमीवर. जवळजवळ कॅनव्हासच्या माथ्याला टेकणारं. हौशी चित्रांत हेच झाड निम्म्या उंचीचं असतं. मग ते झुडूप वाटतं आणि माणूस राक्षस.

मंदिर हवंच असेल तर दूरच ठेवा, कारण डोह एकांतातला आहे. रोमजवळच्या तिव्होलीच्या कड्यावरचं गोल मंदिर हा या धाटणीचा आवडता नमुना. गोल मंदिर टेकडीवर, क्षितिजाच्या वर असेल, तर त्याच्या पायाच्या आणि छपराच्या गोल कडांचे कमानीसारखे वर गेलेले बाक तुम्हाला दिसतील आणि वर जाल तसा बाक वाढेल. टेकडीवरच्या मंदिराचा पाया खाली झुकलेल्या बाकाने काढणं ही चूक इतकी सर्रास आहे की तपासताना मी आधी तिकडेच बघतो.

तपासा: कच्च्या मांडणीचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा आणि अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा. तीन टोन वेगळे दिसत नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ४: आकृती आणि आरसा

पूसँ मेणाच्या लहान मूर्ती खोक्यात मांडून त्यांवर प्रकाश कसा पडतो ते बघत असे. आपल्याकडे त्यासाठी शाडू आहे.

शाडूचा वीतभर नार्सिसस करा. नाक-डोळे नकोत. पाठीचा कणा, टेकलेले हात, झुकलेलं डोकं एवढं पुरे. तो सपाट आरशाच्या कडेला ठेवा, मागे गडद पुठ्ठा उभा करा आणि प्रकाश खिडकीचा घ्या, दिव्याचा नको. आता तुमचा डोळा मांडणीतल्याइतकाच वर न्या. मूर्तीच्या उभ्या उंचीच्या पावणेदोन पट उंचीवरून बघितलं की झालं.

आरशात जे दिसेल ते वरच्या आकृतीची उलटी नक्कल नसते. प्रतिबिंब म्हणजे पाण्याखालून वर पाहणाऱ्या डोळ्याला दिसणारी आकृती. वर तुम्हाला त्याचे केस आणि पाठ दिसते. खाली त्याची हनुवटी, छाती आणि चेहरा. झुकलेला चेहरा आपल्याला थेट दिसतच नाही, तो दिसतो फक्त पाण्यात. या कथेसाठी याहून चांगली गोष्ट मागता आली नसती, आणि तरीही बहुतेक जण वरची आकृती ट्रेस करून उलटी चिकटवतात.

मूर्तीवरून रेखाटन करा, मग माणसाला त्याच पवित्र्यात बसवून दुसरं करा. आधी उघडं शरीर, मग वस्त्र. शिकाऱ्याला खांद्यावर अडकवलेला आखूड झगा पुरतो, भाला आणि धनुष्य गवतात पडलेलं. कापडाच्या चुण्यांसाठी मलमल ओली करून पिळा आणि अंगावर टाका. ओढ कुठून येते ते बघा: खांद्याच्या गाठीतून चुण्या फाकतात, गुडघ्यावर ताणतात, जमिनीवर मोडतात. न बघता मनाने काढलेल्या चुण्या आपल्या हातून नकळत नऊवारीच्या निऱ्या होतात.

## टप्पा ५: रेखाटन कॅनव्हासवर नेणं

कॅनव्हासला जेसोचे दोन-तीन हात, प्रत्येक हात सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर. या धाटणीत पृष्ठभाग गुळगुळीत लागतो. त्यावर रॉ अंबर आणि पांढरा यांचा पातळ, मध्यम करडा-तपकिरी हात देऊन पूर्ण सुकू द्या. फार गडद जमीन नको. तैलरंग वर्षांनुवर्षं थोडे पारदर्शक होत जातात आणि गडद जमीन वर येऊन चित्र काळवंडतं.

रेखाटन पूर्ण मापाच्या कागदावर पक्कं करा, मागे कोळसा घासा, कॅनव्हासवर ठेवून रेषा दाबा. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने रेषा कायम करून कोळसा झटका.

सावधान: अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो. तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही.

## टप्पा ६: एकरंगी अस्तर

रॉ अंबर आणि पांढरा, टर्पेंटाइनमध्ये पातळ, तेल जवळजवळ नाही. याच दोन रंगांत सबंध चित्राचे टोन लावून घ्या. काळा वापरू नका. तो सावकाश सुकतो आणि वरचे रंग मळवतो. अंबर दोन-चार दिवसांत हाताला कोरडा लागतो, म्हणून तोच अस्तराला बरा.

इथेच ठरवा: सगळ्यात उजळ जागा कुठली, सगळ्यात गडद कुठली. उजळ जागा मधला उन्हातला माळ आणि आकाशाचा खालचा भाग. गडद जागा डोहामागचे बुंधे आणि झुडपं. नार्सिससची त्वचा सावलीत असली तरी त्या गडद झुडपांपुढे उजळच दिसते, त्याला वेगळा कवडसा लागत नाही.

## टप्पा ७: रंग, मागून पुढे

क्रम असा: आकाश, डोंगर, माळ, मधली झाडं, पुढची झाडं, जमीन, पाणी, आकृती. आकाश आधी, कारण बाकीचा सगळा प्रकाश त्याच्यावरून मोजायचा असतो.

आकाश एका बैठकीत, ओल्यात ओलं, म्हणजे आधीचा रंग सुकायच्या आतच पुढचा. वर अल्ट्रामरीन आणि पांढरा, खाली येताना निळा कमी करत किंचित यलो ऑकर. दुपार आहे, तेव्हा लाली नको. मऊ कोरड्या ब्रशने कुंचल्याच्या खुणा पुसून टाका. पांढरा टायटेनियम घ्या, झिंकचा थर पुढे ठिसूळ होतो.

हिरव्याबद्दल जरा सविस्तर, कारण नव्वद टक्के बिघाड तिथे होतो. ट्यूबमधला तयार पोपटी हिरवा डबीतच ठेवा. काळा आणि यलो ऑकर मिसळून सुंदर ऑलिव्ह हिरवा मिळतो. अल्ट्रामरीन आणि ऑकर मिसळून थंड हिरवा. त्यात बर्न्ट सिएना टाकला की सावलीतला. उन्हातल्या पानांना ऑकर आणि पांढरा. मागे जाताना प्रत्येक हिरव्यात आकाशाचाच रंग थोडा थोडा मिसळत न्या, आणि गडद-उजळ यांतला फरकही कमी करा. नुसतं निळं केल्याने डोंगर दूर जात नाही.

झाड पानापानाने रंगवू नका. आधी सबंध आकार एका मध्यम टोनमध्ये, मग सावलीचे गोळे, मग प्रकाशाचे गोळे, शेवटी कडेला मोजकी पानं, त्यावरून झाडाची जात कळेल इतकीच. पानांमधून दिसणारे आकाशाचे तुकडे मोकळ्या आकाशापेक्षा जरा गडद ठेवा, नाहीतर ते दिवे लावल्यासारखे चमकतात.

प्रत्येक पुढच्या थरात तेल आधीपेक्षा जास्त, कमी कधीच नाही. खालचा थर पातळ, वरचा तेलकट. उलट केलंत तर वरचा थर आधी सुकतो, खालचा हलत राहतो, आणि भेगा पडतात. मुंबई, कोकण, गोवा भागात पावसाळ्यात सुकायला जास्त वेळ धरा, आणि कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवू नका. मागून बुरशी धरते.

## टप्पा ८: पाणी

डोह ५ ते ११ सेंमीच्या पट्ट्यात आहे. आता त्यात नक्की काय दिसणार ते मोजा, कल्पना करू नका.

मागच्या झाडाचा बुंधा १२ सेंमीवर. प्रतिबिंब बुंध्याच्या पायापासून खाली तितकंच लांब. म्हणजे डोहात दिसेल ते बुंध्याचे खालचे पावणेदोन मीटर. झाडाचा शेंडा डोहात येऊच शकत नाही. तसंच दूरचे डोंगर: ते क्षितिजाच्या ५ सेंमी वर असतील, तर त्यांचं प्रतिबिंब क्षितिजाच्या ५ सेंमी खाली, १९ सेंमीवर. तिथे पाणी नाही. म्हणजे या डोहात डोंगर नाहीतच. कितीही मोह झाला तरी.

मग रुपेरी चमक कुठून आणायची? झाडांच्या रांगेत एक फट ठेवा, जिथे फक्त कमरेएवढी, म्हणजे मीटरभर उंचीची झुडपं आहेत. त्यांचं प्रतिबिंब ८ सेंमीपर्यंत येतं. त्याखाली ५ ते ८ सेंमीच्या पट्ट्यात मोकळं आकाश पडतं, आणि तेही क्षितिजाच्या १६ ते १९ सेंमी वरचं, म्हणजे निळसर. नार्सिससचा चेहरा पाण्यापासून अर्धा मीटर वर, ९ सेंमीच्या पातळीवरच्या पाण्यावर. म्हणजे चेहरा साडेअकरा सेंमीवर आणि त्याचं प्रतिबिंब साडेसहावर. नेमकं त्या रुपेरी पट्ट्यात. ही फट चेहऱ्याच्या बरोबर मागे, त्याच उभ्या रेषेत येते की नाही हे टप्पा ३ मध्येच बघून ठेवायला हवं होतं. नसेल तर आता झाड हलवा. कंटाळा करू नका.

रंगवताना उजळ गोष्टी पाण्यात किंचित गडद, गडद गोष्टी किंचित उजळ. काठाशी, आपल्या सगळ्यात जवळ, पाणी आरपार दिसतं, तिथे तळाचा तपकिरी रंग द्या. जसजसं दूर जावं तसं प्रतिबिंब ठळक. कुंचल्याचे फटकारे आधी उभे, मग कोरड्या ब्रशने एकदाच आडवा हलका हात. तरंगांच्या पांढऱ्या रेघा नकोत.

तपासा: चित्र उलटं करून बघा. प्रतिबिंब पटकन ‘खऱ्या’ आकृतीइतकंच ठळक वाटलं, तर त्याचा फरक कमी करा.

## टप्पा ९: आकृती, फूल आणि शेवटचे हात

आकृती सगळ्यात शेवटी रंगवायची, पण तिची जागा पहिल्यापासून राखलेली असते. त्वचेच्या सावलीत आकाशाचा थंड निळा आणि गवताचा हिरवा परावर्तित होऊ द्या. चित्रातला एकच शुद्ध रंग इथे: झगा तांबडा. तोच तांबडा दुसरीकडे कुठेही नको, मंदिराच्या छपरावरही नाही.

काठावर नार्सिससची दोन-तीन फुलं, पांढऱ्या पाकळ्या आणि केशरी-पिवळा मध्य. कथेत ती नंतर उगवतात, पण हा इशारा देण्याची सवलत चित्रकाराने घ्यावी. ताटवा मात्र लावू नका.

दूरच्या भागावर पांढऱ्यात अगदी थोडा अल्ट्रामरीन मिसळून पुसट पडदा द्यावा लागला तर द्या, पण खालचा थर पूर्ण सुकल्यावर. सही अंधाऱ्या कोपऱ्यात, लहान. वॉर्निश सहा महिन्यांनंतर. मधल्या काळात रंग बुजलेले वाटले तर रीटचिंग वॉर्निशचा पातळ हात चालतो.

जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकतात. पाण्यात बुडवून ठेवा किंवा मोकळ्यावर पसरून वाळवा, मगच फेका.